दुसरी म्हैस

द्वारकेला सुहासिनीचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, एकदा पदर खोचून भांडली असती आणि मोकळी झाली असती. तिला वाटायचा तो मत्सर, आणि मत्सराचं भांडण करायचं तरी कसं? तुझं एवढं बरं का चाललंय, असं काही कोणाच्या दारात उभं राहून विचारता येत नाही.

विरारच्या पूर्वेला डोंगराच्या उतारावर त्यांचा पाडा होता, पंचवीस-तीस घरांचा. दोघींची घरं लागून, आणि दोघींच्या गोठ्यांमध्ये नुसता कारवीचा कूड. पहाटे दूध काढायला दोघी एकाच वेळी बसायच्या. द्वारकेच्या बाजूला एकाच बादलीत धार वाजायची आणि संपायची. कुडापलीकडे एक बादली भरली की सुहासिनी पाट उचलून दुसऱ्या म्हशीखाली सरकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून धार सुरू व्हायची. ती दुसरी धार ऐकायला लागू नये म्हणून द्वारका मुद्दाम भांडी आपटायची. नवरा आत्माराम पांघरुणातून म्हणायचा, "भांडी फुटतील." ती म्हणायची, "फुटूं दे."

खरं सांगायचं तर हा रोग तिला जन्माचाच होता. माहेर गास गावचं, सपाटीवरचं, पाण्याला जवळ. तिथे लहानपणी थोरल्या बहिणीची वेणी आपल्यापेक्षा वीतभर लांब आहे म्हणून तिने दोन दिवस जेवण सोडलं होतं. पुढे ती बहीण माणिकपुरात दुकानदाराच्या घरी पडली, आणि द्वारका डोंगरावर, गवताच्या वखारीत गठ्ठे दाबणाऱ्या आत्मारामच्या घरी. आत्माराम भला माणूस होता, कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. पण बहिणीच्या घरी नळ होता, आणि द्वारकेच्या मनात आत्मारामच्या भलेपणापेक्षा तो नळच जास्त भरलेला असायचा. सुहासिनी त्याच वर्षी लग्न होऊन शेजारी आली. पाड्यातल्या बायकांची नावं हिरा, जमना, बारकी अशी सुटसुटीत, आणि हिचं नाव सुहासिनी. द्वारकेने पहिल्याच दिवशी ते मनात नोंदवून ठेवलं.

तरी पंधरा-सोळा वर्षं दोघींचं तसं बरं चाललं होतं, कारण दोघींकडे होतं ते सारखंच थोडं. बिघाड सुरू झाला तो पंचायत समितीच्या म्हशींपासून.

योजना चांगली होती. दारिद्र्यरेषेखालच्या घराला दोन म्हशी. किमतीचा तिसरा हिस्सा सरकार सोसायचं, बाकीचं बँकेचं कर्ज, ते दुधातून फेडायचं. मात्र दोन्ही म्हशी एकदम मिळत नसत. पहिली आज, दुसरी सहा महिन्यांनी. हा नियम ज्याने केला त्याला कागदाइतकंच जनावरही कळत असलं पाहिजे, कारण म्हैस काही बारा महिने दूध देत नाही. वेताच्या आधी ती आटते, आटवावीच लागते, आणि त्या दिवसांत घरात दुसरी दुभती असेल तरच चूल आणि हप्ता दोन्ही चालतात. एका म्हशीचा धंदा म्हणजे एका पायावर उभं राहणं.

अठ्ठ्याण्णव साली गणपती उठल्यावर पाड्यातल्या लाभार्थ्यांना बाजारात नेलं. बरोबर बँकेचा माणूस, ग्रामसेवक आणि जनावरांचे डॉक्टर. यादीत द्वारकेचं नाव सुहासिनीच्या आधी होतं. डॉक्टरांनी एका म्हशीची कास दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, डोळे मिटून ही घ्या." पण द्वारकेने डोळे उघडेच ठेवले आणि नेमके म्हशीच्या डोळ्यांत घातले. म्हैस घारी होती, भुऱ्या काचेसारख्या डोळ्यांची. द्वारका दोन पावलं मागे सरली. "घाऱ्या डोळ्याचं जनावर मी दारात बांधायची नाय. घरादाराला नजर लागंल."

डॉक्टर हसले. त्यांनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं, आणि सुहासिनीने ती म्हैस घेतली. ती काही फार विचार करून घेतली असं नाही. तिला नुसतं घरी लवकर पोचायचं होतं.

द्वारकेच्या मनासारखी म्हैस त्या दिवशी मिळाली नाही. पुढची खरेदी दिवाळीनंतर ठरली. तेव्हा तिने काळीभोर, काळ्या डोळ्यांची, दिसायला राजस अशी म्हैस घेतली आणि तिचं नाव काजळी ठेवलं. काजळी वाईट नव्हती. पण शेजारच्या घारीने दोन्ही वेळा मिळून तिच्या सव्वापट दूध दिलं, आणि नजर कोणालाच लागली नाही. लागली असलीच तर ती द्वारकेची, आणि तिने घारीच्या कासेला काही झालं नाही.

मार्च महिन्यात सुहासिनीचे सहा महिने भरले. तिची दुसरी म्हैस आली. त्याआधी ती महिनाभर वसईला खेपा घालत होती, कधी बँकेत, कधी पंचायत समितीत, एकदा तर अंगात ताप असताना. द्वारकेला त्याचं हसू यायचं. दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं, असं ती आत्मारामला म्हणायची. तिचे सहा महिने मेमध्ये भरत होते. मेच्या पहिल्या आठवड्यात ती नवी साडी नेसून पंचायत समितीत गेली.

तिथल्या कारकुनाने तिचं कार्ड उलटंपालटं केलं. "ताई, ती योजना एकतीस मार्चला बंद झाली. आता नवीन आली. एकेकट्याला म्हैस नाही. दहा बायकांचा गट करायचा, सहा महिने बचत करायची, मग गटाची पाहणी, मग गटाला कर्ज. अनुदान लगेच हातात नाही, कर्ज फिटत आलं की शेवटी धरतात."

"पन माझी दुसरी?"

"नाही आली ना? मग नाही आली."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला रोज असे पंधरा जण विचारत होते. पण द्वारका त्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. सुहासिनीच्या आणि तिच्या म्हशीत सात आठवड्यांचं अंतर होतं, आणि ते अंतर तिने स्वतः, एका जनावराच्या डोळ्यांवरून, निर्माण केलं होतं. हे तिला कळलं. पण कळलेलं सोसवतंच असं नाही. घरी पोचेपर्यंत तिने त्याचं रूपांतर सुहासिनीच्या धूर्तपणात करून टाकलं होतं.

पाड्यात अशी सहा घरं अर्ध्यावर राहिली. नव्या योजनेत पुढे काहींचं भलंही झालं, ते खोटं नाही. पण म्हैस एक आणि दोन म्हशींच्या हिशोबाने मांडलेला संसार, ही त्या सहा घरांची तेव्हाची अवस्था होती. सुहासिनी त्या उन्हाळ्यात गट जमवायला लागली. ती कुडाशी येऊन म्हणाली, "द्वारकाबाय, तू ये ना. दहा होतील."

"अध्यक्ष कोन?"

"बाया मलाच हो म्हनतात."

"मग तुलाच होऊं दे," द्वारका म्हणाली आणि आत गेली. दहावी म्हणून खालच्या पाड्यातली एक बाई मिळाली. गट भरला.

आता रतीबाचं सांगायला हवं, कारण द्वारकेचं सगळं त्याच्यावर होतं. खाली मनवेलपाड्यात चाळींमध्ये तिची अकरा घरं होती. नोकरदार माणसं, कोकणातली, देशावरची, एखाददुसरी वसईकडची. रोज सकाळी दोन्ही हातांत किटल्या घेऊन ती तासभर उतरायची. त्या अकरा घरांवर हप्ता जायचा, पेंड यायची, मुलीची शाळा चालायची. सुहासिनीची घरं पलीकडच्या चाळीत होती.

पाड्याची यात एक जुनी रीत होती. म्हैस आटली की आपली घरं शेजारणीच्या हाती द्यायची. तिने दोन महिने आपल्या म्हशीचं दूध तिथे घालायचं, पैसे तिचे. म्हैस व्याली की सगळी घरं जशीच्या तशी परत. लिहिणं नाही, साक्षीदार नाही. आणि घरं द्यायची ती लागूनच्या शेजारणीलाच. तिला सोडून दुसरीकडे दिली तर तो तिच्या तोंडावर अपमान, मग जन्माचा अबोला.

दिवाळी आली. काजळी गाभण होती, पौषात व्यायची होती. आता तिला आटवायला हवं होतं. पेंड कमी करायची, एक दिवसाआड दूध काढायचं, मग बंद, म्हणजे पोटातलं पारडू पोसतं आणि कास पुढच्या वेतासाठी भरून येते. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत्माराम दोनदा म्हणाला, "तिला आटव आता." सुहासिनीही कुडापलीकडून म्हणाली, "घरं कवा देतेस? दुसरीचं दूध हाय माझ्याकडं, दोन महिने घालते."

द्वारकेच्या डोळ्यांसमोर आलं ते असं. अकरा घरांतल्या पहिल्या घरच्या मार्गारेट टीचर दार उघडतात, सुहासिनी पातेल्यात घारीचं दूध ओतते, आणि संध्याकाळी त्या दुधावर बोटभर साय येते. पौष संपतो. द्वारका आपली घरं मागायला जाते आणि अकराच्या अकरा जण ओशाळं हसून म्हणतात, बाई, तिचंच राहू द्या. सुहासिनीने परत दिली तरी माणसं येतील कशावरून? आणि ती परत देईल तरी कशाला? द्वारकेला हे पक्कं माहीत होतं, कारण आठ वर्षांपूर्वी, घरची जुनी गावठी म्हैस असताना, तिच्याकडे एका म्हातारीची सहा घरं आली होती आणि परत जाताना पाच गेली होती. सहाव्या घराने आपणहून तसं म्हटलं, असं द्वारका सांगायची. म्हातारीने वाद घातला नाही, आणि पुढे ती वारली.

"माझी अजून आटली नाय," तिने कुडापलीकडे सांगितलं. "भरपूर देते."

आणि ती काढत राहिली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. सरकीची पेंड वाढवली, आत्मारामला वखारीतून चांगलं गवत आणायला लावलं. धार दिवसेंदिवस बारीक झाली तरी पहाटे पाटावर बसायची, आणि कुडापलीकडे ऐकू जावं म्हणून रिकाम्या बादलीत जोराने पिळायची. काजळी पाय झाडायला लागली. तिचे मागचे पाय दोरीने बांधून द्वारका दूध काढायची. त्या वेळी जनावराकडे बघायचं ती टाळत असे.

आत्माराम एकदा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "तिच्या पोटात पोर हाय, द्वारके."

"माझ्या पन घरात पोर हाय," ती म्हणाली. 

शेवटच्या दिवसांत आटत चाललेल्या म्हशीचं दूध खारट होतं. नाताळच्या आधी मार्गारेट टीचर म्हणाल्या, "द्वारका, दूध कसलं खारट लागतंय गं? काल चहा नासला. मला नाताळचं गोडधोड करायचंय."

"खाजणातलं गवत आनलं होतं, टीचर. खाडीकडचं. त्याची चव उतरली."

टीचर वसईच्याच. खाजणातल्या गवताने दूध किती खारट होतं हे त्यांना ठाऊक असणार. त्या पातेलं घेऊन आत गेल्या.

काजळी पौषात व्याली. पारडी झाली. हाडं वर आलेली, कान लोंबलेले, उभं राहायला अर्धा दिवस लागला तिला. काजळीच्या कासेत चीक नव्हताच म्हटलं तरी चालेल. डॉक्टर आले, त्यांनी कास चाचपली आणि विचारलं, "किती दिवस आटवली होती?"

"दोन महिने," द्वारका म्हणाली.

डॉक्टरांनी आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामने जमिनीकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पारडी गेली. पारडीच ती, जगती तर तीन-चार वर्षांत गोठ्यातली दुसरी म्हैस झाली असती. सरकारने दिली नाही ती घरातच वाढली असती. आत्मारामने तिला डोंगराच्या बाजूला नेऊन पुरलं आणि परत आल्यावर द्वारकेशी चार दिवस बोलला नाही. सुहासिनी कुडाशी आली होती. "कवा आटवली होतीस?" तिने विचारलं. द्वारकेने तिलाही दिवाळी सांगितली. सुहासिनीने मान हलवली. रोज पहाटे कुडापलीकडे बसून ती काय ऐकत होती, हे तेव्हा द्वारकेच्या डोक्यातच आलं नाही.

काजळी पान्हा चोरायला लागली. पारडू नाही, कास सुजलेली. दूध आलं ते निम्मं. तेवढंच किटलीत घेऊन पंधरा दिवसांनी द्वारका मनवेलपाड्यात उतरली. अकरा घरांपैकी आठ दारांच्या कड्यांना दुधाच्या पिशव्या लटकत होत्या. तिने त्या दोनदा मोजल्या, आणि त्यात एक विचित्र समाधानही होतं. निदान घारीचं दूध नव्हतं.

मार्गारेट टीचरांनी तिला आत बसवलं, चहा दिला. पिशवीच्या दुधाचा.

"आम्ही चार-पाच घरांनी मिळून सुहासिनीला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "नाताळच्या आधीच. रोज पलीकडच्या चाळीत येतेच ती. तर म्हणाली, ती द्वारकेची घरं आहेत, तिने सांगितल्याशिवाय मी उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. फार आग्रह केला आम्ही. ऐकेचना. मग काय करणार, पिशवी लावली. आता मुलांना त्याचीच सवय झाली गं."

द्वारकेने चहा संपवला. 

चढण चढताना तिला आधी लाज वाटायला हवी होती. तशी ती वाटलीही, पण दुसऱ्या वळणावर. पहिल्या वळणापर्यंत तिला पुन्हा मत्सरच वाटला. म्हैस चांगली हिची, दुसरी म्हैस हिला, गटाची अध्यक्ष ही, आणि आता चांगुलपणातसुद्धा हीच पुढे. माणसाने दुसऱ्यासाठी काही म्हणता काही ठेवू नये का?

सुहासिनी मागच्या अंगणात शेणी थापत होती. द्वारका कुडाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. किटली अजून हातातच होती.

"तुला माझी घरं आपनहून बोलवत होती."

"होय."

"मग घातलं का नाय दूध?"

सुहासिनीने शेण दोन्ही हातांनी थापटून गोल केलं. "तुझी घरं ती. तू दिली नव्हतीस."

"मी असते तर दुसऱ्या दिवशी गेले असते," द्वारका म्हणाली. असं कबूल करायचं तिने ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं.

"ठाऊक हाय," सुहासिनी म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने शेणी बाजूला सरकवली, हात बादलीत बुडवले आणि पदराला पुसले. "घारी आनली त्या दिवसापासून मला तोच घोर लागला होता, द्वारकाबाय. ही आटली की माझी घरं जातील कोनाच्या हाती? रीतीनं तुझ्याच. तुला सोडून दुसरीला दिली असती तर तू पाड्यात मला तोंड दाखवाला जागा ठेवली नसतीस. आनि तुला दिली असती तर..." ती थांबली. "त्या म्हातारीचं मला म्हायती होतं. म्हनून मी दुसऱ्या म्हशीसाठी तशी पळत होते. तापात गेले. साहेबाच्या पाया पडले. मला काय हौस होती दोन-दोन म्हशींचं शेन काढाची? तुझ्या हातात घरं द्याला नको, एवढंच होतं."

द्वारका किटलीचा कान धरून उभी राहिली. दहा महिने जी दुसरी धार ऐकू नये म्हणून ती भांडी आपटत होती, ती धार तिच्यामुळेच त्या गोठ्यात आली होती. ती पळवली नव्हती, नशिबाने आली नव्हती, धूर्तपणानेही नाही. द्वारका कशी आहे हे शेजारणीला नीट माहीत होतं, म्हणून आली होती. आणि आपल्या गोठ्यात दुसरी धार नाही, कारण आपल्याला असं कोणाला भ्यायची गरजच पडली नव्हती. सुहासिनीच्या हाती आपली घरं सुखरूप राहिली असती. ती गेली ती द्वारकेच्याच हातून.

 पलीकडे काजळी हंबरली.

"आता देशील तुझी घरं?" द्वारकेने विचारलं. इतक्या वर्षांत तिने सुहासिनीकडे काही मागितलं असेल तर ते हे पहिलंच.

 सुहासिनीने द्वारकेकडे पाहिलं, बाजारात डॉक्टर जनावराकडे पाहतात तसं, आणि मग पुन्हा शेणाचा गोळा उचलला.

"घारी फाल्गुनात आटंल. तवा दूध कमी पडंल मला. चार घरं देते. सगळी नाय, चार. ती परत आली तर मंग पुढचं बघू."

"बरं," द्वारका म्हणाली.

कोणती चार, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तिने कसंबसं गिळलं आणि काजळीला पाणी दाखवायला गेली.